चौकटीपुरती भिंत

मी भिंत बोलतेय, या घरातल्या बाहेरच्या खोलीची. माझा वरचा भाग तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल. राखाडी झाक असलेला हिरवा रंग, पांढरी फळी, फळीवर सात जाडजूड पुस्तकं आणि प्लॅस्टिकचं एक झाड. पाहून "छान आहे हो तुमचं घर" असंही म्हणाला असाल. त्या भागाबद्दल मला काही सांगायचं नाही. मला सांगायचंय ते त्याच्या खालचं.

माझा जन्म घाईतला. गवंड्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. त्यानं एका दुपारी विटा रचल्या, गिलावा मारला आणि तो नीट वाळायच्या आत वरून चुना फासला. त्यामुळे लहानपणापासूनच माझ्या अंगाला पोपडे. आधी इथे एक शिंपी राहायचा. त्यानं माझ्यात चौदा खिळे ठोकले आणि जाताना ते उपटून नेले. मग दोन वर्षं कुणीच नव्हतं. मग रंगारी आला. सोबत त्याची बायको आणि तिच्या कडेवरची मुलगी.

मला वाटलं, आपलं नशीब फळफळलं. रंगाऱ्याचं घर म्हणजे आता काय, दर वर्षी नवा रंग! कसलं काय. या माणसानं उभ्या आयुष्यात चौतीस वर्षं लोकांच्या भिंती आरशासारख्या केल्या आणि इथे माझ्याकडे पाठ करून जेवला.

"अहो, आपल्या भिंतीला एकदा हात मारा ना," बायको म्हणायची.

"मारू की. आधी लोकांचं होऊ दे."

हे 'आधी लोकांचं' मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या विटा तापतात. या घरातल्या मोठ्यांची ही एक खोडच. दात दुखला तर लवंग धरायची, पाय सुजला तर चप्पल मोठी घ्यायची. आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवायचं आणि त्यालाच मोठेपणा म्हणायचं. बायकोही तसलीच. कारखान्याच्या गणवेशांना बटणं लावायचं काम ती घरी आणायची. बोटात सुई शिरली तर बोट तोंडात घालायची, पण "आई गं" म्हणायची नाही. पोरगी झोपलीये ना!

पोरगी मात्र वेगळी निघाली. दुखलं की ओरडायची, पटलं नाही की भांडायची. रंगारी कौतुकानं तिला 'फटाकी' म्हणायचा. फटाकी गणित घेऊन पदवीधर झाली आणि घरात बसून परगावच्या मुलांना गणित शिकवायची नोकरी तिला लागली. लॅपटॉप कंपनीनं दिला. सहा महिने तात्पुरतं काम, ते जमलं तर कायम. तोवर रंगाऱ्याचे गुडघे गेले होते आणि शिडी चढणं बंद झालं होतं. बटणांनी घर चालत नव्हतं. म्हणजे या नोकरीवर तिघांचंही सगळं उभं होतं.

कंपनीनं नियमांचा कागद पाठवला. फटाकीनं तो मोठ्यानं वाचला. शिक्षिकेच्या मागची भिंत स्वच्छ आणि प्रसन्न असावी. वर्ग चालू असताना कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरी व्यक्ती दिसू नये. घरातला आवाज ऐकू येऊ नये. असं काही झाल्यास ठपका. तीन ठपके झाले की काम बंद.

वाचून होताच तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अडचण अशी होती की उजेड तोंडावर यायचा तर खिडकीकडे तोंड करूनच बसावं लागे, आणि मग पाठीशी मी. आणि तिची खुर्ची नि मी यांच्यामध्ये हातभर वाट होती, स्वयंपाकघरातून मोरीकडे जाणारी. दुसरी वाट नाही.

रविवारी सकाळी फटाकी लॅपटॉप उघडून बसली. आईनं माझ्यावर हात ठेवला.

"हात दिसतोय का गं?"

"दिसतोय. खाली घे. आणखी खाली."

"आता?"

"बोटं दिसतायत."

"आता?"

"आता नाही. बाबा, तिथे खूण करा!"

रंगाऱ्यानं कानामागची पेन्सिल काढून खूण केली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग पट्टी लावून रेघा ओढल्या. खालची रेघ त्याच्या कमरेला लागत होती. "घ्या," तो म्हणाला, "एवढीच भिंत जगाची. बाकीची आपली."

चौकटीतला भाग त्यानं पत्र्यानं खरवडला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरनं घासला. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन. हात थरथरत होते, पण ब्रश टेकला की थरथर थांबायची. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यानं मला चार दिवस नवरीसारखं सजवलं. आणि रेघेपाशी येऊन थांबला.

"खाली पण मारा ना आता," बायको म्हणाली.

"खालचं कोण बघतंय? उरलेला रंग राहू दे, वर डाग पडला तर लागेल."

पुस्तकं रद्दीवाल्याकडून आणली, जाडी बघून. त्यांतली तीन वकिलीची निघाली.

"बाबा, गणिताच्या बाई वकिली कधी शिकल्या?"

"तू घरात जी वकिली करतेस, त्याला पुस्तकं नकोत होय?"

तिघंही हसली. या खोलीत असं हसू मी नंतर फारसं ऐकलं नाही.

पहिला ठपका रंगाऱ्यानंच आणला. वर्ग चालू असताना त्याला दाराआडून माझ्यावर एक ओरखडा दिसला. खुर्ची मागे सरकताना लागला असेल. आता चौतीस वर्षं रंगकाम केलेला माणूस तो. ओरखडा दिसला आणि त्याला सोसवेना. बोटभर रंग वाटीत घेऊन हा माणूस चवड्यांवर चालत आला आणि लेकीच्या खांद्यामागे उभा राहून, जीभ दातांत धरून, डाग भरू लागला. पडद्यावरची सगळी मुलं खिदळायला लागली.

दुसरा ठपका आईचा. लेकीला उचकी लागली म्हणून ती पाण्याचा पेला घेऊन आली. सवयीनं. पंचवीस वर्षं उचकी लागली की पाणी देतेच आहे.

त्या दुपारी फटाकी फुटली. "तुम्हाला दोघांना कळतं का काही? हे घर नाहीये, ऑफिस आहे! आता एकच ठपका उरलाय. एकच! माझा वर्ग चालू असताना काहीही होऊ दे, आग लागू दे, छप्पर पडू दे, मला तुमचा आवाज नको आणि तुमची सावलीही नको. पुन्हा असं झालं ना, तर मी तोंड नाही बघणार तुमचं."

मी तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. या घरात खरं बोलणारी ती एकटीच. पण ती हे बोलली. मी ऐकलंय.

दोघांनी मान खाली घातली. वाद घालायचा ना! "अगं, माणसं आहोत आम्ही, मोरीला तर जाऊ की नको?" असं म्हणायचं होतं. तीही चिडून काहीबाही बोलली असती, रडली असती, आणि संध्याकाळपर्यंत काही ना काही वाट निघाली असती. पण नाही. आमच्या मोठ्यांना भांडता येत नाही, फक्त ऐकता येतं. आणि ऐकलं की ते दगडावरची रेघ.

दुसऱ्या दिवसापासून दोघं रेघेखालून जाऊ लागली. रंगाऱ्यानं बायकोला शिकवलं: गुडघे वाकवायचे, पाठ आडवी, एक हात भिंतीला, मान वर करायची नाही. त्याचे स्वतःचे गुडघे करकरायचे. ओठ आवळून, माझ्या पोपड्यांना धरून धरून तो जायचा. त्याच्या तळव्याची प्रत्येक भेग मला पाठ झाली. वर चौकटीत त्याची लेक हसतमुख, मागे माझा हिरवा भाग, आणि खाली हा माणूस चार पायांवर. सुरुवातीला त्यांना गंमत वाटायची. "चला, सर्कस निघाली," तो कुजबुजायचा आणि बायको तोंडावर हात दाबायची. मग गंमत गेली. मग त्यांनी पाणी पिणंच कमी केलं.

फटाकीला हे दिसत नव्हतं का? कानांवर हेडफोन, डोळे पडद्यावर. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं चित्र असे आणि त्यात मागे फक्त मी. तिला वाटायचं, समज आली दोघांना.

सहा महिने संपत आले. ज्या वर्गावर निकाल लागणार होता, तो बुधवारी सकाळी अकराला. पाऊण तास. कंपनीतल्या वरच्या मॅडम स्वतः वर्गात बसून पाहणार होत्या.

त्या सकाळी रंगारी डावा दंड चोळत होता. बायकोनं विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही, अंग आखडलंय."

"घामेजलाय की हो. तिला सांगू?"

"वेडी आहेस का? आज? वर्ग होऊ दे, मग बघू."

आधी लोकांचं होऊ दे. शेवटी लेकही लोकांतच गेली.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी तो मोरीकडे निघाला. बहुतेक उलटी येत होती. वाकला, हात माझ्यावर टेकला, दोन पावलं गेला आणि थांबला. त्याचा पंजा माझ्यावर असा आवळला की तीन पोपडे निघाले. मग तो पाठीनं माझ्यावर टेकला आणि घसरत घसरत खाली बसला. धक्क्यानं वरची फळी हलली.

पडद्यावरच्या एका मुलीनं ते पाहिलं. "बाई, तुमच्या मागचं झाड हललं!"

मी श्वास रोखला. भिंतीला जमतो तेवढा. आता ही वळेल. लेकरा, वळ.

फटाकीनं पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्राकडे पाहिलं. पुस्तकं जागच्या जागी, झाड जागच्या जागी. "वारा असेल," ती हसून म्हणाली. "हं, तर पाव म्हणजे काय? एका वस्तूचे चार सारखे भाग केले, त्यांतला एक."

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं पाहिलं. ती धावली नाही. ती गुडघ्यांवर आली. रेघेखालून, मान न उचलता. त्याच्यापाशी पोचली आणि तिनं तोंड उघडलं. रंगाऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं.

मग त्यानं भुवया उंचावून लेकीच्या खुर्चीकडे खूण केली. किती राहिलं?

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही पंजे तीनदा उघडून मिटले, आणि एकदा एकच पंजा. पस्तीस.

त्यानं मान हलवली. चालेल.

मी हे सगळं अंगाशी घेऊन उभी होते. खुर्चीचा पाय त्याच्या पावलापासून वीतभर. बायकोनं हात लांब केला असता तर लेकीच्या ओढणीचं टोक हाती आलं असतं. तिनं केलाही. तिची बोटं टोकापर्यंत गेली. त्यानं ती धरून मागे ओढली. अंगात ताकद नव्हती, तरी ओढली. मग ती त्याच्या कपाळावरचा घाम पुसत बसली, हाताशी असलेल्या गणवेशाच्या बाहीनं. वर अर्ध्याचा पाव होत होता, पावाचा अर्धा होत होता. एका मुलाला कळेना. फटाकीनं न चिडता दुसऱ्यांदा समजावलं, मग तिसऱ्यांदा. किती छान शिकवते ती! रंगाऱ्याचे डोळे मिटत होते, पण तिसऱ्यांदा तिनं समजावलं तेव्हा तो किंचित हसला. त्याला समजलं असावं.

मग त्याच्या पाठीचा भार वाढला. मला कळलं. बायकोला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. ती पुसत राहिली.

अकरा पंचेचाळीसला मुलं गेली. वरच्या मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "फार सुरेख. आणि तुमच्याकडे वातावरण किती शांत आहे हो! निकाल मी आत्ताच सांगते. कायम."

फटाकीनं हेडफोन काढून टेबलावर आपटले, खुर्ची गर्रकन फिरवली. "बाबा! झालं! काय—"

दवाखान्यात काय झालं ते मी घरातल्या बोलण्यावरून सांगते. डॉक्टरांनी विचारलं, त्रास सुरू होऊन किती वेळ झाला होता? बायको म्हणाली, "वर्ग संपेपर्यंतचा." डॉक्टरांना कळेना. फटाकीला कळलं.

रंगारी परत आला नाही.

नंतर घर माणसांनी भरलं. फटाकीचे मोठे काका कोचाच्या मधोमध बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "केवढा त्याग! लेकीच्या भाकरीसाठी जीव दिला, पण हूं की चूं नाही. असा बाप मिळायला भाग्य लागतं, पोरी."

"त्याग नाही, काका," फटाकी म्हणाली. "एक हाक मारली असती तर ते आज इथे बसले असते. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती."

"मोठ्यांबद्दल असं बोलू नये."

"मग कसं बोलू? तुम्ही सगळे गप्प बसता आणि आमच्या उरावर ते ओझं ठेवून जाता. वर आम्ही त्याची आरती करायची? आई, तू तरी! तू शेजारी बसून होतीस! तुला ओरडता नाही आलं?"

आईनं बटणाचा दोरा दातानं तोडला. वर न बघता म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, काहीही होऊ दे."

काकांनी पाणी मागितलं.

पुढच्या आठवड्यात फटाकीनं वरच्या मॅडमना पत्र लिहिलं. "त्या बुधवारी माझ्या मागे काय घडत होतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं," म्हणून. सगळं लिहिलं, स्वतःचं बोलणंसुद्धा. उत्तर दोन दिवसांनी आलं. ते तिनं आईला वाचून दाखवलं. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्या दिवशीच्या वर्गाचं चित्रण आम्ही पुन्हा तपासलं. चौकटीत आक्षेपार्ह काहीही आढळलं नाही. आपली नेमणूक कायम आहे."

"म्हणजे बरं लिहिलंय ना?" आईनं विचारलं.

फटाकी पुन्हा वर्ग घेऊ लागली. दुसरं करणार काय? आई रेघेखालून जायची. फटाकी म्हणाली, "आई, सरळ चाल, होऊ दे काय व्हायचं ते." आई "हो" म्हणाली आणि वाकून गेली. लॅपटॉप बंद असतानाही वाकून. मुलगी घरात नसतानाही वाकून. एकटीच असायची, दुपारची वेळ, समोर काळा पडदा, आणि ही बाई आपल्याच घरात चार पायांवर मोरीकडे जायची. जिथे तो टेकला होता तिथे क्षणभर थांबायची, मला हात लावायची, पुढे सरकायची. रडायची मात्र नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडून एकही मोठा आवाज निघाला नव्हता.

परवाची गोष्ट. अकराचा वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं होती. फटाकीनं लॅपटॉप उघडून वर्ग जोडून ठेवला होता. आई आली, वाकली.

"आई, उभी राहा."

"होतंय गं माझं. तू बघ तुझं काम."

"उभी राहा म्हणते ना!" फटाकीनं तिचा दंड धरून वर ओढलं. आई अर्धी उठली, पडद्यावर स्वतःचे केस दिसले मात्र, आणि चटका बसल्यासारखी खाली बसली. दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "नको, नको, नोकरी जाईल तुझी! ते म्हणाले होते, मान वर करायची नाही!"

फटाकी तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची सोडून तीही खाली आली. रेघेखाली, माझ्या पोपड्यांना पाठ लावून, आईच्या शेजारी. बरोबर त्याच जागी. तिथे बसून तिनं पहिल्यांदा वर पाहिलं, तिच्या बाबांनी पाहिलं होतं तसं. वीतभरावर खुर्ची, तिच्यावर लोंबणारी ओढणी.

"एवढ्या जवळ होते?" तिनं विचारलं.

आईनं मान हलवली.

"मी हात मागे केला असता तर—"

"मी लांब केला होता गं," आई म्हणाली. "ओढणीपर्यंत केला होता. त्यांनी धरला." आणि मग तिच्या आतून काहीतरी आलं. रडणं म्हणू की किंकाळी म्हणू. पस्तीस मिनिटांची आणि त्याआधीच्या कित्येक वर्षांची. फटाकीनं तिला गप्प केलं नाही. "ओरड, आई," ती म्हणत होती. "आणखी मोठ्यानं."

वर अकरा वाजले होते. एकेक मूल पडद्यावर येत होतं. त्यांना रिकामी खुर्ची दिसत होती आणि मागे मी, स्वच्छ आणि प्रसन्न. चौकटीत कुणीही नव्हतं.

"बाई, कोण रडतंय?" एका मुलीनं विचारलं.

तिसरा ठपका दुपारी आला. लॅपटॉप न्यायला उद्या माणूस येणार आहे. फटाकी कामं शोधतेय, आई जास्तीचे गणवेश मागून घेतेय. पुढे कसं होणार, मला माहीत नाही. मी भिंत आहे, मी धीराच्या गोष्टी सांगणार नाही. आई अजून वाकूनच जाते. काल एकदा निम्म्या वाटेत सरळ झाली होती, एवढंच.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. पडद्यावर कुणाच्या मागे माझ्यासारखी देखणी भिंत दिसली, तर तिची तारीफ नका करू. त्या माणसाला विचारा, घरात कोण कोण आहे, कुठे बसलेत, बरे आहेत ना. आणि घरातल्या मोठ्यांनो, तुमच्यापुढे मी हात जोडले असते, मला हात असते तर. दुखलं की ओरडा. आम्हाला तुमचं मोठेपण नको, तुमची हाक हवी. अशी एक हाक त्या बुधवारी पस्तीस मिनिटं माझ्या अंगाला टेकून बसली होती, आणि मला ती पुढे पोचवता आली नाही.